वयाप्रमाणे अन्न, मानाप्रमाणे वाढप

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या साताऱ्यातील बालपणाविषयी बोलताना आपण वर्गातील गोणपाटाचा आणि पाण्याच्या शिवाशिवीचा प्रसंग नेहमी सांगतो. त्याच काळातील घरच्या चुलीची हकीकत मात्र फारशी सांगितली जात नाही. मातोश्री निवर्तल्या होत्या. वडील सुभेदार रामजी खटाव तालुक्यात रोखपाल म्हणून नोकरीस होते. दुष्काळाने गांजलेल्या लोकांना काम मिळावे म्हणून तेथे सरकार तलाव खोदवीत होते. साताऱ्याच्या घरी आत्या होती, पण ती थकलेली. तेव्हा मुलेच शाळा सांभाळून स्वयंपाक करीत. भाकरी-पोळीचे काम जमत नसे, म्हणून तांदूळ आणि मटण एकत्र शिजवून पुलाव करीत आणि त्यावर दिवस काढीत. बाबासाहेबांनी हे स्वतःच ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आपल्या आत्मकथनपर लेखनात नोंदवून ठेवले आहे.

१९०१ च्या उन्हाळी सुटीत ही मुले वडिलांना भेटावयास निघाली. नवे कपडे, डोक्यावर जरीच्या टोप्या, सोबत शिदोरी. मसूर स्टेशनावर उतरल्यानंतर त्यांची जात कळली आणि पुढील सारा प्रवास पालटून गेला. दुप्पट भाडे कबूल केल्यावर गाडी मिळाली, तीही मुलांनी स्वतः हाकावयाची या अटीवर. रात्री नाक्यावर मुक्काम पडला तेव्हा शिदोरी भरलेली होती आणि पोटात आग पडली होती. परंतु प्यावयास पाणी कोणी देईना, आणि पाण्यावाचून घास उतरेना. मुले उपाशी झोपली.

इतिहासाचा शिक्षक या नात्याने मी हा प्रसंग गेली कित्येक वर्षे नववी-दहावीच्या वर्गांत सांगत आलो आहे. आहाराविषयी लिहावे असे स्मरणिका समितीने सुचविले तेव्हा मला प्रथम तोच आठवला. दुष्काळ होता म्हणून खटाव-माणमध्ये माणसे उपाशी होती, ही एक भूक. शिदोरी जवळ असूनही उपाशी राहावे लागले, ही दुसरी. पहिलीचे कारण शेतात आणि आभाळात असते. दुसरीचे कारण माणसामाणसांनी ठरविलेल्या पायरीत असते. अशीच एक पायरी आपल्या स्वतःच्या घरातही आहे, चुलीपासून ताटापर्यंतच्या चार हातांच्या अंतरात. कोणी आधी जेवावे, कोणाच्या वाटीत घट्ट वरण पडावे आणि कोणाला तळाचे पाणी मिळावे, हे तेथे ठरते. आहारशास्त्र सांगते की अन्नाची गरज वयाप्रमाणे आणि शरीराच्या अवस्थेप्रमाणे बदलते. आपले वाढप मात्र मानाप्रमाणे चालते. या दोहोंमधील अंतर किती, ते आयुष्याच्या एकेका टप्प्यावर तपासून पाहू.

आरंभ गर्भवतीपासून करावा लागतो, कारण बाळाचे पहिले ताट म्हणजे आईचे ताट. गरोदरपणात दररोज सुमारे ३५० उष्मांक अधिक लागतात. हा आकडा ऐकून पालक घाबरतात. प्रत्यक्षात ती एक मध्यम भाकरी आणि मूठभर शेंगदाणे एवढीच भर आहे. शेवटच्या तीन महिन्यांत प्रथिनांची गरज रोज सुमारे २२ ग्रॅमने वाढते, म्हणून रोज उसळ किंवा डाळ, आणि चालत असेल त्या घरी अंडे, हे हवेच. लोह व फॉलिक आम्लाच्या गोळ्या १८० दिवस घ्यावयाच्या असतात. त्या चहाबरोबर गिळल्या तर निम्मे काम वाया जाते, कारण चहातील तुरट द्रव्य लोह शोषू देत नाही. आपल्या भागातील जुन्या बायका अजून एक गोष्ट सांगतात: फार खाल्ले तर मूल मोठे होते आणि बाळंतपण अवघड जाते. या समजुतीने किती मुली अर्धपोटी राहिल्या असतील! मूल लहान ठेवून बाळंतपण सोपे होत नाही. अशक्त आई आणि कमी वजनाचे मूल, दोघेही धोक्यात येतात.

येथे एका ऐतिहासिक घटनेचे स्मरण करून देणे मला अगत्याचे वाटते. मुंबई कायदेमंडळात १९२८ च्या जुलै महिन्यात प्रसूति-लाभाचे विधेयक चर्चेस आले तेव्हा बाबासाहेबांनी त्यास पाठिंबा देणारे भाषण केले. प्रसूतीच्या आधी आणि नंतर काही काळ आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, आणि म्हणून त्या खर्चाचा भार सरकारनेही उचलावयास हवा, असा त्यांच्या प्रतिपादनाचा रोख होता. पुढील वर्षी, १९२९ मध्ये तो कायदा झाला. गर्भवतीचा आहार ही सासू-सुनेमधील खासगी बाब नसून समाजाची जबाबदारी आहे, हा विचार त्या काळी कायदेमंडळात मांडला गेला. आपल्या घरांत तो अजून पोहोचावयाचा आहे.

बाळंतिणीला तर गर्भवतीपेक्षाही अधिक लागते, पहिल्या सहा महिन्यांत रोज सुमारे ६०० उष्मांक जादा. या बाबतीत आपली परंपरा बरीच शहाणी आहे. हाळिवाची खीर, डिंकाचे लाडू, बाजरीची भाकरी, शेपूची भाजी, खसखस-खोबरे हे सारे उत्तम. वाईट आहे ती बंदी: पाणी कमी प्यावे, पालेभाजी खाऊ नये, फळे थंड पडतात. दूध पाण्यावाचून येत नाही. बाळंतिणीला तहान लागेल तेवढे पाणी द्यावे.

नवजात अर्भकाविषयी थोडक्यात सांगतो, कारण हे अंगणवाडीताई आणि आशाताई माझ्याहून अधिक चांगले सांगतात. जन्मल्यापासून तासाभरात आईचे दूध. पहिले पिवळसर चिकाचे दूध पूर्वी पिळून टाकीत. तेच बाळाचे पहिले रक्षण होय. सहा महिने केवळ आईचे दूध. पाणी नाही, गुटी नाही, मध तर वर्षाच्या आत मुळीच नाही. सहा महिने पूर्ण होताच मात्र वरचे अन्न सुरू झालेच पाहिजे, आणि आईचे दूध दोन वर्षांपर्यंत चालू ठेवावे. वरचे अन्न म्हणजे वरणाचे पाणी नव्हे. चमच्यावर ठेवले असता ओघळणार नाही इतका घट्ट मऊ भात-वरण, त्यात चमचाभर तेल किंवा तूप, नाचणीचे सत्त्व, कुस्करलेले केळे, उकडलेल्या अंड्याचा बलक. बाळाचे पोट लहान, म्हणून दिवसातून थोडे थोडे अनेकदा.

आमच्या लहानपणी चहात भिजवलेले बिस्कीट हे प्रतिष्ठेचे खाणे होते. आजही जत-आटपाडीच्या वाड्यावस्त्यांवर वर्षाच्या मुलाच्या हाती सकाळी तेच दिसते. त्यात साखर व मैदा असतो आणि सोबतचा चहा घरच्या अन्नातील लोहही शोषू देत नाही. मूल मात्र गप्प बसते, आणि शेतावर जाण्याच्या घाईत असलेल्या आईला तेवढेच हवे असते. तिला दोष देऊन भागणार नाही. तिच्या हाताशी आदल्या रात्रीचे भाजून ठेवलेले नाचणी-डाळीचे पीठ असेल तर ती तेही देईल. गरम पाण्यात कालवावयास बिस्किटाहून फार वेळ लागत नाही.

शाळकरी वयाकडे येताना साताऱ्याला पुन्हा एकदा जावे लागते. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये कऱ्हाडजवळील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली, १९२४ मध्ये ती साताऱ्यास आणली आणि तेथे वसतिगृह चालविले. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्यास श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस हे नाव देण्यात आले. सर्व जातिधर्मांची मुले तेथे एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करीत आणि एकाच पंक्तीला बसत. धान्य संपले, पैसा संपला, तेव्हा लक्ष्मीबाई पाटील यांनी अंगावरील दागिने विकून मुलांना जेवू घातले आणि शेवटी मंगळसूत्रही दिले. १९३० मध्ये त्या गेल्या. एका स्त्रीने आपले सौभाग्यलेणे मोडावे ते कशासाठी, तर परक्यांच्या मुलांच्या ज्वारीसाठी! वसतिगृहाचा इतिहास लिहिताना आपण इमारतींची वर्षे लिहितो. खरा इतिहास कोठीघराच्या वहीत असतो.

उपाशी मुलाला शिकविता येत नाही, हे तथागतांनाही ठाऊक होते. धम्मपदाच्या अट्ठकथेत आळवी नगरीची कथा आहे. हरवलेला बैल शोधून दमलेला एक गरीब शेतकरी उशिरा उपदेश ऐकावयास आला, तेव्हा तथागतांनी प्रथम त्याला जेवू घालावयास सांगितले आणि त्याचे जेवण झाल्यावरच धम्म सांगितला. भिक्खूंना याचे नवल वाटले, असेही कथेत आहे. आपल्याकडे शासनाने शाळांसाठी पोषण आहाराची योजना १९९५ च्या १५ ऑगस्टला सुरू केली. आधी धान्य घरी दिले जाई, सर्वोच्च न्यायालयाच्या २००१ च्या आदेशानंतर शिजवलेले अन्न शाळेत मिळू लागले. पहिली ते पाचवीच्या मुलास दररोज १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी, म्हणजे ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिने. सहावी ते आठवीस १५० ग्रॅम धान्य, ३० ग्रॅम डाळ, ७५ ग्रॅम भाजी, म्हणजे ७०० उष्मांक व २० ग्रॅम प्रथिने. हे आकडे पालकांनी पाठ करून ठेवावेत. शाळेत खिचडी कशी मिळाली एवढेच आपण मुलांना विचारतो. त्यात डाळ किती होती, भाजी होती का, हेही विचारावे. महाराष्ट्रात २०२३ च्या अखेरीपासून आठवड्यातून एक अंडे, किंवा न खाणाऱ्यास केळे, देण्यास आरंभ झाला होता. २०२५ च्या प्रारंभी त्याचा निधी शासनाने थांबविला आणि लोकसहभागातून सोय करावी असे शाळांना सांगितले. ज्या मुलाच्या घरी अंडे विकत येत नाही, त्याच्या गावातील लोकसहभाग तो कितीसा असणार?

आता प्रथिनांचा विषय निघालाच आहे, तर आपल्या समाजापुरती एक अवघड गोष्ट बोलून घेतो. महाडच्या १९२७ च्या परिषदेत बाबासाहेबांनी मृत जनावराचे मांस आणि मागून आणलेली शिळी भाकरी सोडण्याचे आवाहन केले. सातारा-सांगलीच्या गावागावांत आपल्या आज्या-पणज्यांनी ते ऐकले. वतनाच्या कामापोटी पदरी येणारे ते मांस वाळवून, त्याच्या चान्या करून, सहा-सहा महिने पुरविले जाई. त्या चान्यांची मडकी लोकांनी फोडली. ते योग्यच होते. ज्या अन्नाबरोबर अपमान गिळावा लागतो त्याचे पोषणमूल्य मोजत बसू नये. परंतु पुढचा प्रश्नही आपणच विचारला पाहिजे: ती जागा ताटात कशाने भरली? ज्यांना नोकरी लागली त्यांच्याकडे मटण-अंडी आली. जे गावात राहिले त्यांच्याकडे नुसती भाकरी, ठेचा आणि कालवणाचे पाणी उरले. पुढे स्वस्त धान्य दुकानाचा तांदूळ आला आणि ज्वारी-बाजरीही मागे पडली. हुलगा, नाचणी, कण्या, माडगे ही गरिबीची खूण म्हणून आपण लाजेने सोडून दिली. १९७२ च्या दुष्काळात खाल्लेल्या मिलोची, म्हणजे त्या अमेरिकन तांबड्या ज्वारीची, आठवण ज्यांच्या जिभेवर आहे, त्यांना पांढऱ्या भाताचे अप्रूप का वाटते हे मी समजू शकतो. खडी केंद्रावर खडी फोडून मिळालेली सुकडी माझी आई पदरात बांधून आणीत असे. आजही ‘सुकडी’ हा शब्द ती हळू आवाजात उच्चारते.

तरीही सांगावेसे वाटते की या अन्नाला आपण पुन्हा ताटात मानाने बसवावे. पाटण, जावळी, शिराळ्याच्या डोंगरात पिकणाऱ्या नाचणीत शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. तांदळात ते नगण्य. माण-खटाव-आटपाडीची बाजरी लोहाच्या बाबतीत गहू-तांदळाला मागे टाकते. हुलग्यात शंभर ग्रॅमला सुमारे २२ ग्रॅम प्रथिने असतात, म्हणजे ३० ग्रॅम हुलगे शिजविले की जवळपास एका अंड्याइतकी प्रथिने मिळतात. प्रतीने अंडे सरस खरे, पण भाकरीबरोबर उसळ खाल्ली की धान्यातील उणीव कडधान्य भरून काढते. मोड आणले तर पचनही सुधारते आणि लोहही अधिक लागू पडते. वर लिंबू पिळावे. आपल्या वसतिगृहातील माजी विद्यार्थ्यांना गुरुवारची हुलग्याची उसळ आठवत असेल. ‘घोड्याचा खाना’ म्हणून तुम्ही तिची थट्टा करीत होता. आज मधुमेहाची औषधे घेताना त्यांतीलच कित्येक जण मला दूरध्वनी करून हुलगे कोठे मिळतील असे विचारतात.

आता या लेखातील माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाच्या टप्प्याकडे येतो. तो म्हणजे वयात येणारी मुलगी. १३ ते १५ या वयातील मुलीला रोज ३० मिलिग्रॅम लोह लागते, १६ ते १८ या वयात ३२. कष्टकरी प्रौढ पुरुषाला लागते १९. घरात सर्वांत अधिक लोह जिला हवे तीच सर्वांत शेवटी जेवते आणि पातेल्यात उरेल ते खाते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांत रक्तक्षयाचे प्रमाण २०१५-१६ मध्ये ४८ टक्के होते. २०१९-२१ च्या सर्वेक्षणात ते ५४ टक्क्यांवर गेले. म्हणजे दोन स्त्रियांमागे एकीहून अधिक.

हे आकडे मला वाचून कळले नाहीत. आम्ही पाच भावंडे. वडील गवंडीकाम करीत, आई रोजंदारीवर. घरी दोन कोंबड्या होत्या. अंडे निघाले की ते माझ्यासाठी ठेवले जाई. ‘शिकणारं पोर हाय, त्याला घाल,’ असे आई म्हणे, आणि माझी थोरली आक्का ते उकडून, सोलून माझ्या ताटात ठेवी. ती सातवीनंतर शाळेत गेली नाही. पाणी, सरपण, धाकटी भावंडे आणि दिवसभर खुरपणी हे तिच्याकडे असे. जेवायला ती आईबरोबर सर्वांच्या मागून बसे. मी कंदिलापाशी इतिहास वाचीत असे. मनुस्मृतिदहन, महाड, पुणे करार सारे मला मुखोद्गत होते. चुलीपाशी बसलेल्या आक्काच्या ताटात काय आहे, हे मी एकदाही पाहिले नाही. दुसऱ्या बाळंतपणात तिला रक्तस्राव झाला. हिमोग्लोबिन सहाच्याही खाली होते. रक्ताच्या बाटल्यांसाठी रात्रभर धावलो, ती वाचली, मूल वाचले नाही. बाहेर बाकावर बसलो असताना डॉक्टरीणबाईंनी विचारले, ‘ही लहानपणी काय खात होती?’ मला उत्तर देता आले नाही, कारण मला ठाऊकच नव्हते. एम.ए.ची पदवी मला मिळाली. तिच्या किमतीचा काही भाग आक्काच्या रक्तातून गेला, असे मी आज उघडपणे लिहितो. आपल्या पिढीतील अनेक शिकलेल्या भावांनी स्वतःशी हा हिशेब करून पाहावा.

म्हणून वसतिगृहात मुलींच्या प्रवेशाच्या वेळी आम्ही हिमोग्लोबिन तपासून घेतो. बारा ग्रॅमच्या खाली असेल तर तो रक्तक्षय समजावा. प्रार्थनेच्या वेळी चक्कर येणे, जिना चढताना धाप लागणे, वर्गात डुलकी, माती वा खडू खाण्याची इच्छा ही ‘आळशीपणाची’ लक्षणे नव्हेत. शासनाच्या आठवड्याच्या निळ्या गोळीवर मुलींचा राग असतो, पोट दुखते असे त्या म्हणतात; जेवणानंतर घेतली तर बहुतेकींना त्रास होत नाही. सहा महिन्यांतून एकदा जंताची गोळी. लोखंडी कढईतील पालेभाजी, शेवग्याचा पाला, राजगिरा, भिजविलेले मनुके (तासगावच्या आसपास राहणाऱ्यांना ते विकत घ्यावे लागू नयेत), गूळ-शेंगदाणे, अंडी, मांसाहारी घरात कलेजी. आणि जेवणाच्या मागे-पुढे तासभर चहा नको. औषध डॉक्टरांनी सांगितले तर तेही घ्यावे. तीव्र रक्तक्षय नुसत्या आहाराने भरून निघत नाही.

मुलग्यांचेही या वयात दुर्लक्ष होऊ नये. १६ ते १८ च्या मुलाला २६ मिलिग्रॅम लोह लागते आणि भूक तर अशी की वसतिगृहाच्या आचाऱ्यास रडू यावे. त्या भुकेला वडापाव आणि पाकिटातील कुरकुरीत पदार्थ दिले तर पोट भरते, शरीर भरत नाही.

प्रौढांविषयी मी फारसे लिहीत नाही. त्यांना सर्व ठाऊक असते आणि ते काही ऐकत नाहीत. एवढेच सांगतो की उसाच्या फडात कोयता चालविणाऱ्याचे जेवण बँकेत बसणाऱ्या त्याच्या मुलाने जेवले तर ते अंगी लागत नाही, अंगावर चढते. मीठ दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे सपाट एक लहान चमचा, आणि त्यात लोणचे, पापड, फरसाण सर्व आले. दिवसाला सहा कप चहा घेणाऱ्याने त्यातील साखर एकदा वाटीत काढून पाहावी.

वृद्धापकाळी भूक मंदावते, दात जातात, तहानेची जाणीवही कमी होते. ‘म्हातारपणी काय करायचंय जास्त खाऊन’ असे म्हणून आपण त्यांना चहा-पाव देतो. वस्तुतः उष्मांक कमी लागले तरी प्रथिनांची गरज घटत नाही. पन्नास किलो वजनाच्या आजीला रोज चाळीस ग्रॅमच्या पुढे प्रथिने लागतातच. ती न मिळाल्यास मांस झडते, तोल जातो, आणि पडून खुब्याचे हाड मोडले की पुढील वर्ष अंथरुणातच. येथे आपली जुनी पेये कामी येतात. ताकातील ज्वारीच्या कण्या, नाचणीची आंबील, हुलग्याचे माडगे यांना दात लागत नाहीत आणि पोटही दुखत नाही. विनयपिटकातील महावग्गात तथागतांनी यागू, म्हणजे पातळ पेज, भिक्खूंना अनुज्ञात केली आणि तिचे दहा गुण सांगितले. बळ देणे, भूक-तहान शमविणे, वात सरळ करणे, पचन सुधारणे ही त्यांपैकीच. ज्यांची मुले पुण्या-मुंबईस आहेत आणि जी माता एकटीच गावी राहते, ती एकटीसाठी चूल पेटवीत नाही. तिला दर रविवारी ‘जेवलीस का’ असे विचारण्याऐवजी ‘काय जेवलीस’ असे विचारावे. अंडी, दूध, मासे सर्व वर्ज्य करणाऱ्या वृद्धांनी बी-१२ या जीवनसत्त्वाची तपासणी करून घ्यावी. ते वनस्पतिजन्य अन्नातून मिळत नाही, आणि हातापायांना मुंग्या येणे हे नेहमीच वयाचे लक्षण नसते.

माझी आई आता ऐंशीच्या पुढे आहे. रात्री उशिरा जेवलेले तिला पचत नाही, म्हणून गेली चार वर्षे आमच्या घरी सायंकाळी सात वाजता सर्व जण एकदम बसतात. आधी तिला ते पटत नव्हते. पुरुषमाणसांच्या ताटांशेजारी आपले ताट पाहून ती अवघडून जाई आणि मध्येच उठून वाढावयास जाई. आता वाढण्याचे काम पातेली मध्ये ठेवून ज्याचे त्याने करावयाचे असते. आक्का दिवाळीला येते तेव्हा मी तिच्या ताटात अंडे ठेवतो. ती ते अर्धे करून अर्धे माझ्या नातीला देते.